मुलांनी बसायचं कुठे?

आमच्या विभागाच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर जाताना जिना जिथे वळतो, तिथे एक मोठी खिडकी आहे. तिच्याखालच्या पायऱ्यांवर रोज दुपारी एक वाजता पाच-सहा मुली डबा खायला बसायच्या. कोणी आलं की डबे उचलून भिंतीला चिकटायच्या, वाट द्यायच्या, माणूस गेलं की पुन्हा बसायच्या. बारा वर्षं मी त्या जिन्यावरून ये-जा केली. दर दोन वर्षांनी मुली बदलायच्या, पायऱ्या त्याच. 2023च्या जुलैमध्ये एके दिवशी मी वर चढत होते आणि घाईघाईने डबा उचलताना एकीच्या मांडीवरच्या झेरॉक्सवर भाजीचं तेल सांडलं. ती माझ्याच एमबीएच्या तासाला अभ्यासायची केस होती. अडीच वाजता तिच्यावर वर्गात चर्चा व्हायची होती आणि त्या पाचजणी जेवता जेवता तीच वाचत होत्या. तिने रुमालाने कागद टिपला आणि मलाच म्हणाली, "सॉरी मॅडम."

ते 'सॉरी' माझ्या मनातून जाईना. तिथून पुढे अडीच वर्षं जे झालं ते लिहून ठेवते आहे. कुणाच्या विभागात असं काम निघालं, तर आम्हाला उशिरा कळलेल्या गोष्टी त्यांना वेळेवर कळाव्यात.

आमचा विभाग एका सरकारी विद्यापीठाचा, व्यवस्थापनशास्त्राचा. एमबीएच्या दोन्ही वर्षांची मिळून 240 मुलं. इमारत 1980च्या दशकातली, तळमजला आणि वर दोन मजले, मधे चौक आणि चौकाभोवती व्हरांडे. बांधणाऱ्याने जुन्या वाड्याचा विचार केला असावा, असं मला नेहमी वाटायचं. पण चौकावर पुढे कधीतरी पत्रे आले आणि तिथे आम्हा कर्मचाऱ्यांच्या दुचाक्या लागू लागल्या.

आमच्या विषयात फळा-खडूवर निम्मंच शिकवून होतं. केस म्हणजे एखाद्या उद्योगापुढचा खराखुरा पेच. वर्गात तिच्यावर बोलायच्या आधी पाच-सहा जणांनी एकत्र बसायचं, आकडे मांडायचे, वाद घालायचा, एकमेकांचं म्हणणं खोडून काढायचं. ते बसणं झालं नाही तर वर्गातला तास म्हणजे नुसतं माझं व्याख्यान. त्यात आमची निम्मी मुलं आसपासच्या तालुक्यांतून एसटीने येतात. गाडी आठला सोडते, पहिला तास साडेदहाला. परतीची गाडी सहाला. तास सोडून उरलेला वेळ या मुलांनी कुठे काढायचा, याचं उत्तर इमारतीकडे नव्हतं.

मी दोन विद्यार्थ्यांना बरोबर घेतलं आणि दोन आठवडे आम्ही दर तासाला इमारतीत एक फेरी मारून कोण कुठे बसलंय ते वहीत लिहिलं. नकाशा काढण्याच्या कितीतरी आधीचं हे काम, पण मला आजही वाटतं की सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं. वाचनालयात 36 खुर्च्या, आणि तिथे बोलायला मनाई. बाकीची मुलं जिन्यावर, व्हरांड्याच्या कठड्यावर, चौकातल्या गाड्यांच्या सीटवर. तळमजल्याच्या सूचनाफलकाखाली एक प्लग होता. तिथे एक्स्टेंशन बोर्ड लावून चार-पाच लॅपटॉप चार्ज होत असत आणि मुलं वायरीजवळ उकिडवी बसलेली असत. मुलींची खोली परीक्षेचं साहित्य ठेवायला घेतलेली. कॅन्टीन विद्यापीठाच्या मुख्य दरवाज्यापाशी, जायला-यायलाच पंचवीस मिनिटं.

वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही कुलूपबंद खोल्या लिहिल्या. तळमजल्यावर अशा चार निघाल्या. जागा नाही, जागा नाही, असं आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो, आणि चार खोल्यांच्या किल्ल्या कार्यालयातल्या खिळ्यावर टांगलेल्या होत्या.

त्या उघडायला आमचे शिपाई मामा आले. पहिल्या खोलीचं कुलूप तेल घालूनही निघेना, शेवटी कडी कापावी लागली. आत छताला टेकेल इतकी मोडकी बाकं, मागच्या बाजूला जुने डबा मॉनिटर, दोन टंकलेखन यंत्रं, एक सायक्लोस्टाइल यंत्र. मामा म्हणाले, "मॅडम, मी लागलो तेव्हापासून ही खोली अशीच आहे." ते 1998ला लागले होते.

ज्यांनी सरकारी कार्यालयात काम केलंय त्यांना पुढचं ठाऊक असेल. मोडकी खुर्ची उचलून बाहेर टाकता येत नाही. ती जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ सामानाच्या यादीत आहे. नोंदवहीतला क्रमांक आणि खुर्चीवर रंगाने लिहिलेला क्रमांक जुळला पाहिजे, मग वस्तू नोंदवहीतून कमी करणारी निर्लेखन समिती बसणार, किंमत ठरणार, लिलाव होणार. संगणकाचा कचरा भंगारवाल्याला देता येत नाही, नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यालाच द्यावा लागतो. रंग उडालेल्या बाकांवरचे आकडे वाचायला मी, मामा आणि आमच्या कनिष्ठ लिपिक बाई ओलं फडकं घेऊन आठ शनिवार त्या खोल्यांमध्ये बसलो. ओल्या फडक्याने पुसलं की पुसट आकडा क्षणभर गडद दिसतो; तेवढ्यात वाचायचा. एकूण 311 वस्तू जुळल्या. चौदा जुळल्या नाहीत, त्यांचं वेगळं टिपण गेलं. पाच महिन्यांनी खोल्या रिकाम्या झाल्या. नूतनीकरणाचा एक रुपयाही तोवर खर्च झालेला नव्हता.

खोल्या रिकाम्या होताच त्यांना मागणी आली. एका सहकाऱ्यांना संशोधन कक्ष हवा होता, परीक्षा विभागाला आणखी एक स्ट्राँगरूम, आणि प्राध्यापकांना वेगवेगळ्या केबिन. यातली एकही मागणी खोटी नव्हती. आमच्याकडे दोन-दोन प्राध्यापक एका टेबलावर बसतात हे खरंच आहे. पण प्रत्येक मागणीमागे एक माणूस होता, अर्ज होता, सही होती. मुलांच्या बसण्यामागे कोणाचीच सही नव्हती. मूल दोन वर्षांत निघून जातं; त्याच्या वतीने तिसऱ्या वर्षी कोण पत्र लिहिणार? म्हणून मी ती वही विभागाच्या समितीपुढे ठेवली आणि म्हटलं, ही मुलांची सही समजा. विभागप्रमुख सरांनी वही चाळली. स्वतःची मोठी केबिन निम्मी करून एका सहकाऱ्याला द्यायची तयारी त्यांनी त्याच बैठकीत दाखवली. त्यानंतर बाकीच्यांना फार ताणता आलं नाही.

मला नक्की काय हवंय हे समजावताना मी बंगळूरच्या आयआयएमचं उदाहरण दिलं. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणासाठी मी तिथे राहिले होते. बाळकृष्ण दोशींनी उभारलेला तो परिसर. दोशी जन्माने पुण्याचे, 1927चे, जे.जे.त शिकले, पुढे ल कोर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाकडे आणि अहमदाबादच्या आयआयएमवर तितक्याच नावाजलेल्या लुई कान यांच्याबरोबर काम केलं, आणि 2018मध्ये वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रिट्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय वास्तुविशारद ठरले. बंगळूरला त्यांच्यापुढे फत्तेपूर सिक्रीचे चौक होते. करड्या दगडाचे लांबच लांब व्हरांडे, कुठे छत, कुठे वर नुसत्या तुळया आणि त्यांच्यातून पडणारं ऊन, मधेच रुंदावणारी जागा, बसायला दगडी कट्टा. वर्गातून निघालेली मुलं पुढच्या वर्गापर्यंत पोचायच्या आत चार ठिकाणी थांबत, बोलत. वर्गातला वाद तिथे पुढे चालायचा. आपल्याकडे तेवढी जमीन नाही, तेवढा पैसा नाही, पण व्हरांडे आणि चौक तर आहेत, एवढंच माझं म्हणणं होतं.

एका सदस्यांचं मत पडलं की जुनी इमारत पाडून नवी सात मजली बांधावी. अहमदाबादलाही हेच झालं होतं. कान यांच्या विटांच्या अठरापैकी चौदा वसतिगृहं पाडायचा विचार संस्थेने डिसेंबर 2020मध्ये जाहीर केला, जगभरातून विरोध झाला आणि 1 जानेवारी 2021 रोजी तो मागे घेतला गेला. त्याच परिसरातल्या ग्रंथालयाची दुरुस्ती मुंबईच्या ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यालयाने अशी केली की 2019मध्ये युनेस्कोचा वारसा-संवर्धनाचा पुरस्कार मिळाला. आमची इमारत काही वारसा नव्हे. पण 'जुनी झाली' आणि 'निकामी झाली' यांत फरक आहे आणि तो तपासल्याशिवाय बोलू नये, एवढं सगळ्यांना पटलं.

तपासणी झाली डिसेंबरमध्ये. संरचना लेखापरीक्षण म्हणजे काय ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काँक्रीटवर रिबाउंड हॅमर दाबतात, आतला दट्ट्या किती उसळतो त्यावरून वरच्या थराची मजबुती कळते; खांबाच्या दोन बाजूंना उपकरणं लावून आतून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते मोजतात, म्हणजे आत पोकळी किंवा भेग आहे का ते समजतं. खांब चांगले निघाले. तुळयाही, एक सोडून. दुसऱ्या मजल्याच्या स्वच्छतागृहाखालची तुळई वर्षानुवर्षं झिरपणाऱ्या पाण्याने खराब झाली होती. प्लास्टर खरवडल्यावर आतली सळई दिसली, गंजून फुगलेली, पापुद्रे सुटलेली. मी बोटाने दाबलं तर एक पापुद्रा हातात आला. तिच्याखालून रोज शंभर-दीडशे मुलं जात होती. अंदाजपत्रकातला मोठा वाटा तिथेच त्या क्षणी गेला. दोन्ही स्वच्छतागृहं, नळकाम, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि ती तुळई. मुलांच्या बसण्यासाठी पैसे उरावेत म्हणून काचेचं प्रवेशद्वार, प्लास्टरचं फॉल्स सीलिंग आणि दर्शनी भिंतीचं क्लॅडिंग वगळलं. मला त्यातल्या कशाचंच वाईट वाटलं नाही.

निविदेचा भाग थोडक्यात सांगते. अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीवर करायचं, जी बाब दरसूचीत नाही तिला तीन दरपत्रकं जोडायची, मग इमारत व बांधकाम समिती, वित्त व लेखा समिती, व्यवस्थापन परिषद. फाइल तयार झाली आणि 16 मार्च 2024 रोजी लोकसभेची आचारसंहिता लागली. जूनमध्ये ती उठल्यावर निविदा निघाली, एकच ठेकेदार आला, म्हणून फेरनिविदा. ती उघडून निर्णय होईतो 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. कार्यादेश डिसेंबरात हातात आला. 2023च्या मुलांचं शेवटचं सत्र तोंडावर आलं होतं. तेलाचा डाग पडलेली ती मुलगी कॅम्पस मुलाखतींच्या तयारीत होती. तिने कधी विचारलं नाही, पण भेटली की मला अपराधी वाटायचं.

काम जानेवारी 2025मध्ये सुरू झालं. तास चालू, परीक्षा चालू आणि शेजारी ब्रेकर. आम्ही एक नियम केला: तोडफोड सकाळी सात ते साडेदहा, नंतर फक्त बिनआवाजाची कामं. ठेकेदाराच्या मुकादमांनी तो पाळला, याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे.

चौकाचं काम सगळ्यात अवघड जाईल असं वाटलं होतं, कारण दुचाक्या हलवायच्या होत्या. सहकाऱ्यांची नाराजी झाली. पावसात पार्किंगपासून इमारतीपर्यंत भिजत यावं लागेल हा मुद्दा रास्त होता. मागच्या बाजूला पत्र्याची शेड आणि तिथून दारापर्यंत आच्छादित वाट केली, तेव्हा गाड्या हलल्या. मग पत्रे उतरले. त्या दिवशी चौकात तीस वर्षांत पहिल्यांदा ऊन पडलं. खाली तेलाने काळ्या पडलेल्या शहाबादी फरशा होत्या. सगळ्या काढायच्या असं नकाशात होतं, पण एका गवंड्याने एक फरशी उचलून उलटी केली आणि दाखवली. खालची बाजू कोरी करकरीत. तो म्हणाला, "बाई, पलटी मारून पॉलिश केली तर आणखी चाळीस वर्षं काढंल." शंभरातल्या साठ-सत्तर फरश्या तशा पलटून बसवल्या. वाचलेल्या पैशात चौकाच्या चारही बाजूंना कट्टे झाले, अठरा इंच उंच, पाठ टेकायला मागे तिरकी भिंत. मधे बकुळीचं रोप लावलं.

कट्ट्याजवळ हात-डबा धुवायला बेसिन घ्यायचं ठरलं होतं. आमच्या सफाईच्या मावशी नकाशावर वाकून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "हे वरलं फॅन्सी बेसिन नको मॅडम. पोरं डबा धुणार, भात अडकणार, आणि दर दोन दिसाला मीच तार घालणार." त्यांच्या सांगण्यावरून स्वयंपाकघरात असतं तसं खोल स्टीलचं सिंक आणि काढता येणारी जाळी बसवली. आजतागायत तुंबलेलं नाही. कुठल्याही समितीत मावशींना बसवत नाहीत, हे बरोबर नाही असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं.

रॅम्पचं मात्र मी जवळजवळ चुकवलं होतं. आमच्या इमारतीचं जोतं 75 सेंटिमीटर उंच. नकाशावर रॅम्प सहा मीटर लांब दाखवला होता आणि मी त्यावर सहीही केली. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला व्हीलचेअरवर येणारा एक विद्यार्थी होता. दोन वर्षं त्याला दोन मित्र दारातल्या पाच पायऱ्या उचलून न्यायचे. त्याला नकाशा दाखवला तर त्याने मनातच हिशोब केला. "मॅडम, हा एकास आठ होतोय. मी वर जाईन, पण कोणीतरी ढकलायला लागेल. उतरताना खुर्ची सुटेल." एकास बारा, म्हणजे एक भाग उंचीला बारा भाग लांबी, हे प्रमाण मानकांत आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016पासून आहे. तरीही ते माझ्या नजरेतून सुटलं, कारण मला पायऱ्या चढता येतात. रॅम्प नऊ मीटरचा झाला, सरळ जागा नव्हती म्हणून मधे सपाट टप्पा घेऊन वळवला, दोन्ही बाजूंना कठडे लावले. तो पुरा व्हायच्या आत त्या मुलाची शेवटची परीक्षा होऊन गेली होती. नोकरी लागल्यावर एकदा कागदपत्रं न्यायला आला, तेव्हा एकटा वर आला. मी वरच्या टोकाला उभी होते. आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही.

मग मे महिना. गच्चीवरचा जुना कोबा फोडून नवा विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर, करायचं होतं. जून उजाडायच्या आत संपवू, असं वेळापत्रक. 2025च्या मे महिन्यात काय झालं ते महाराष्ट्रात सगळ्यांना आठवत असेल. महिन्याच्या मध्यापासूनच पाऊस, आणि 26 मेला मान्सून मुंबईत, नेहमीपेक्षा सोळा दिवस आधी. आमची गच्ची त्या वेळी उघडी पडलेली. रात्री साडेनऊला मामांचा फोन आला, "मॅडम, वाचनालयात पाणी यायला लागलंय." मी पोचले तेव्हा वसतिगृहातली तीस-चाळीस मुलं आधीच तिथे होती. साखळी करून पुस्तकं खाली उतरवत होती. जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड सगळ्यात जड. ते दोघा-दोघांनी धरून नेले. वीज बंद केली होती, मोबाइलच्या उजेडात सगळं चाललं होतं. मामा गच्चीवर ताडपत्री धरून उभे. पहाटे दोनपर्यंत सगळी पुस्तकं चार रिकाम्या खोल्यांत आली होती. साठेक पुस्तकं भिजली, त्यातली बरीच आम्ही पंख्याखाली पानापानात कागद घालून वाळवली. त्या खोल्या आम्ही रिकाम्या केल्या नसत्या तर पुस्तकं कुठे ठेवली असती, हा विचार माझ्या मनात वारंवार आला. गच्ची शेवटी ऑक्टोबरमध्ये पुरी झाली. 72 तास पाणी भरून ठेवलं, खाली एक थेंब नाही.

चारही गोदामं एकत्र करून बारा मीटर बाय आठ मीटरचं चर्चा-दालन झालं. मधल्या भिंती विटांच्या होत्या, भार खांबांवर होता, म्हणून त्या काढता आल्या. व्हिट्रिफाइड फरशी, पांढऱ्या भिंती, मोठ्या खिडक्या, प्रत्येक टेबलापाशी प्लग. सगळ्यांना फार आवडलं. मी एक गट आत बसवला, मग दुसरा, मग तिसरा. तिसरा गट बोलायला लागला आणि पहिल्याला स्वतःचंच ऐकू येईना. टाळी वाजवली की आवाज तीन-चार क्षण खोलीत फिरत राहायचा. ज्या कामासाठी दालन केलं, नेमकं तेच तिथे होईना. त्या रात्री मला झोप लागली नाही.

भौतिकशास्त्र विभागातल्या एका सरांना विचारलं. ते आले, टाळी वाजवली आणि सॅबाइनची गोष्ट सांगितली. हार्वर्ड विद्यापीठात 1895मध्ये असंच एक नवं व्याख्यानगृह झालं होतं, आवाज घुमायचा, कोणालाच काही कळायचं नाही. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकावर ते काम सोपवलं गेलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून तो त्या खोलीत मांडायचा, आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत ठेवायचा. त्यातून सूत्र निघालं: खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त वेळ टिकतो, आणि आवाज पिणारा पृष्ठभाग जितका जास्त तितका तो लवकर मरतो. आमच्या दालनात फरशी, काच, गिलावा, सगळंच आवाज परत फेकणारं. पिणारं काहीच नाही.

सर म्हणाले, "तुम्हीही गाद्या आणून बघा." आम्ही खरंच आणल्या. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं होतं. अधीक्षकांकडून चाळीस गाद्या मागून घेतल्या, भिंतींना उभ्या टेकवल्या आणि टाळ्या वाजवत बसलो. दहा गाद्यांना फरक नाही. वीस गाद्यांना बोलणं सुटं ऐकू यायला लागलं. तीस गाद्यांवर तीन गट एकाच वेळी बोलू शकले. तीस गाद्यांचं क्षेत्रफळ काढलं, आणि साधारण त्या हिशोबाने छताला वूड वूलचे, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचे, बोर्ड आणि दोन भिंतींना जाड फेल्टचे फलक बसवले. फेल्टवर मुलं टाचण्या लावून आपले तक्तेही टांगतात. जादा बाब म्हणून मंजुरीला पाच आठवडे लागले, पण फॉल्स सीलिंग वगळल्यामुळे पैसे होते.

फर्निचरबद्दल एकच सांगते. टेबलं-खुर्च्या जमिनीला बोल्टने पक्क्या कराव्यात, नाहीतर चोरीला जातात, अशी सूचना लेखी आली होती. मी ती मान्य केली नाही. गट कधी चारचा असतो, कधी नऊचा. खुर्ची हलली नाही तर गट मोडतो. चाकांची टेबलं आणि हलक्या खुर्च्या घेतल्या. वर्षाअखेरीच्या पडताळणीत एकही खुर्ची कमी भरली नाही. तीन मात्र चौकात बकुळीपाशी सापडल्या.

नोव्हेंबरात सगळं तयार झालं आणि दालनाला कुलूप लागलं. उद्घाटन व्हायचं होतं. पाहुण्यांची तारीख मिळेना. एक आठवडा, दोन आठवडे. मुलं खिडकीच्या काचेला नाक लावून आत बघायची आणि पुन्हा जिन्यावर जाऊन बसायची. अडीच वर्षांतल्या कुठल्याच अडचणीने मला इतका त्रास झाला नाही जितका त्या बंद दाराने झाला, कारण आता कारण काहीच नव्हतं. पाचव्या आठवड्यात मी उन्हाळी प्रकल्पांच्या मौखिक परीक्षा त्या दालनात घेण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. परीक्षा दोन दिवस चालल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला किल्ली दाखवली, विचारलं, "लावू का?" मी म्हटलं, "नको मामा." उद्घाटन जानेवारीत रीतसर झालं, फीत कापली तेव्हा आतल्या टेबलांवर मुलांच्या वह्या उघड्या होत्या.

आम्ही आता पुन्हा दर तासाला फेरी मारून वहीत नोंदी करतो आहोत. जिन्यावर बसणारं आता क्वचितच कोणी दिसतं. चौक सकाळी आठला भरतो, एसटी येते त्याच वेळी. दालनात दुपारी जागा मिळत नाही, आणि दोन वर्षांनी तेही अपुरं पडेल असं दिसतंय.

वेळेचा प्रश्न राहिला आहे. इमारत सहाला बंद व्हायची. वसतिगृहातल्या मुलांना खरी गरज रात्रीच. रात्री दहापर्यंत उघडी ठेवायची तर एक सुरक्षारक्षक वाढवावा लागतो, आणि मुलींसाठी वसतिगृहापर्यंतच्या वाटेवर दिवे लागतात. दिवे लागले. रक्षक मिळाला आहे, पण आदेश परीक्षा संपेपर्यंतचाच आहे. कायमच्या आदेशाची फाइल प्रशासकीय इमारतीत तिसऱ्या टेबलावर आहे. मी दर मंगळवारी तिथे जाते. या मंगळवारी ती चौथ्या टेबलावर गेली असेल, असं मला सांगितलं आहे.